बिडी कंपनीनं फोडलेला ज्ञानबा

ज्ञानबाला बिडी कंपनीनं फोडला, अशी आखाडा बाळापुरात एके काळी कुजबुज होती. मोठ्यानं कुणी बोलत नसे, कारण ज्ञानबा स्वभावानं गरीब होता आणि त्याची बायको कौशल्याबाई तशी नव्हती. पण हळू आवाजात सगळे बोलत. फाट्यावरच्या हॉटेलात चहा सांगावा, तो येईपर्यंत गोष्टीत कंपनी पांढऱ्या गाडीतून आलेली असायची. चहा संपेपर्यंत ज्ञानबा त्या गाडीत बसलेला असायचा. आणि जो दुसरा चहा सांगेल त्याला कंपनीनं ज्ञानबाच्या दारात आणून बांधलेला काळा बोकडही ऐकायला मिळायचा.

एवढ्या मोठ्या कंपनीला शेळ्या वळणाऱ्या एका म्हाताऱ्याची गरज काहून पडावी, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा तिथंच संपला असता.

ज्ञानबाच्या तोंडात बिडी कधी आली ते त्याला आठवत नाही. त्याच्या आईनंच पहिली काडी ओढून दिली असावी, असा कौशल्याबाईचा सासूवर जुना वहीम आहे. शेळ्या त्याला खोकल्यावरून ओळखत. दुसऱ्याचा कळप तुरीत शिरला की माणसं दगड मारत, हाका मारत, एकमेकांच्या आया काढत. ज्ञानबा बांधावर उभा राहून नुसता खोकायचा. त्याचा कळप मुकाट्यानं बाहेर यायचा. पोलिसांनाही एवढं कुणी ऐकत नसेल.

त्याच्या मुलाचं नाव बजरंग. बजरंगचं फाट्यावर मोबाइलचं दुकान. सून मोहिनी कळमनुरीची, बारावी झालेली, आणि नाकाची अशी पक्की की शेजारच्या घरात दूध करपायच्या आधी हिला कळायचं. तिला मुलगी झाली, दीपमाला. नात झाली म्हणून ज्ञानबानं गावभर पेढे वाटले, पेढा देताना प्रत्येकापाशी एकेक बिडी ओढली, आणि घरी येऊन हात पुढं केले.

"द्या लेकरू."

"मामा, आधी हात दाखवा," मोहिनी म्हणाली.

त्यानं दाखवले. तिनं हुंगले.

"आता पटका."

त्यानं डोक्याचा पटका काढून दिला. तोही तिनं हुंगला.

"धुऊन आलो न बाई. साबनानं."

"साबनाचा बी वास येऊन राहिला, बिडीचा बी येऊन राहिला. लेकराच्या छातीत कफ हाय मामा. बिडी असंल तं लेकरू न्हाई."

कौशल्याबाई चुलीपाशी होती. तिनं जन्मभर आरडाओरडा करून जे साधलं नव्हतं ते सुनेनं दोन वाक्यांत सांगून टाकलं, याचा तिला आनंद झाला की राग आला, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. ज्ञानबा मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हात धुवायचा, हात दाखवायचा आणि दारातूनच नात पाहून परत फिरायचा.

याच सुमारास बजरंगनं हैदराबादहून मोबाइलच्या कव्हरांबरोबर वाफेची पेनं आणली. शाळेतल्या पेनासारखंच दिसायचं. रात्री वायर लावून चार्ज करायचं, दिवसा ओढायचं, की तोंडातून धुरासारखी वाफ निघते. सरकार त्याला ई-सिगारेट म्हणत होतं, बाळापूर पेन म्हणत होतं. पेनात वासाचे प्रकार होते: आंबा, पुदिना, मसाला पान. बजरंगनं आंब्याचं एक बापाला दिलं.

त्या संध्याकाळी मोहिनीनं हात हुंगले आणि थांबली.

"मामा, आंब्याचा वास येऊन राहिला."

"आंबाच हाय," ज्ञानबा म्हणाला.

तिनं पटका हुंगला. तिथंही आंबा. मग पहिल्यांदा तिनं दीपमालाला त्याच्या मांडीवर ठेवलं. ज्ञानबा असा ताठ बसला की भिंतीला लाज वाटावी. पोरगी झोपली तरी हलला नाही. शेवटी त्याच्या पायांना मुंग्या आल्या आणि कौशल्याबाईला त्याला बगलेत हात घालून उठवावं लागलं.

"पोरगी झोपली, तुमी काहून दगड झाले?" ती म्हणाली.

बजरंगला दुकानासाठी फुकटची जाहिरात मिळाली. गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "फायदा होतो का न्हाई ते माह्या बापाला पाहा." गिऱ्हाईक ज्ञानबाला पाहायचं. ज्ञानबा तोंडात पेन धरून शेळ्यांमागं जात असायचा. हळूहळू त्याचा खोकला गेला. त्याचा तोटा असा झाला, की शेळ्यांना मालक ओळखू येईना. दोनदा शेळ्या शेजारच्या माणिकरावाच्या तुरीत शिरल्या आणि ज्ञानबाला या वयात हाका मारायला शिकावं लागलं.

बजरंगचं दुसरं गिऱ्हाईक राधाकृष्णराव. हिंगोलीच्या एका कचेरीत बारनिशीत, म्हणजे येणारं-जाणारं टपाल नोंदवण्यात, यांची सगळी नोकरी गेली. मूळचे कुरुंद्याचे, घरात देवीच्या पूजेची वहिवाट, त्यामुळे सिगारेट ओढायची ती गोठ्यामागं. पुदिन्याच्या पेनानं त्यांना गोठ्यामागून अंगणात आणलं होतं. लोकांनी विचारलं की सांगायचे, घशाचं औषध आहे, आरतीला आवाज लागतो.

२०१९ च्या सप्टेंबरात दिल्लीहून वटहुकूम निघाला. ई-सिगारेट बनवायची नाही, विकायची नाही, साठवायची नाही. असेल तो साठा जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचा. बातमी संध्याकाळी टीव्हीवर आली आणि रात्रीच्या आत बजरंगच्या दुकानापुढं तालुक्यातला सगळा वाफपंथ गोळा झाला. तो एका बाकड्यावर मावला.

"रास्ता रोको!" बजरंग म्हणाला. "फाट्यावर टायर जाळू. नांदेडकडची गाडी नांदेडात, हिंगोलीकडची हिंगोलीत."

राधाकृष्णरावांनी पुदिना ओढला, वाफ सोडली, आणि ती पूर्ण विरू दिली.

"टायर जाळायचा, धूर करायचा, आणि मागणी काय, तर आमच्याकडं धूर नसतो. बजरंग, कायदा टेबलावर होतो आणि चहाच्या वेळी बदलतो. कुणाच्या टेबलावर, कुठल्या चहाला, हे ठाऊक असावं लागतं."

"काका, तुमी जलमभर टेबलापाशी बसले. एक तरी कायदा बदलला का?"

"बदलला नाही. पण पुष्कळ बदलू दिले नाहीत."

"मग हा काहून होऊ दिला?"

"मी रिटायर झालो होतो," राधाकृष्णराव म्हणाले.

इथून दोन तट पडले. बजरंगचं म्हणणं, रस्त्यावर आल्याशिवाय सरकारला ऐकू येत नाही. राधाकृष्णरावांचं म्हणणं, रस्त्यावर आलेल्याला सरकार फक्त बाजूला करतं. बाकड्यावरचे बाकीचे लोक जो बोलत असेल त्याच्याकडे मान हलवत. एका गोष्टीवर मात्र दोन्ही तटांचं एकमत होतं: ज्ञानबा आपल्याकडं हवा. पेनानं बिडी सुटलेला तालुक्यातला तो एकच माणूस. बजरंगला तो मोर्चाच्या पुढं चालायला हवा होता. राधाकृष्णरावांना तो साहेबापुढं बसवायला हवा होता. "हा जिवंत पुरावा आहे," ते म्हणाले. जिवंत पुरावा तेव्हा शेळ्यांच्या खुरातले काटे काढत होता.

ज्ञानबा दोघांनाही "बरं" म्हणाला. त्याचं लक्ष घराकडं होतं. कारण बातमी ऐकून मोहिनीनं जेवताना विचारलं होतं:

"मामा, पेन गेलं तं मग काय? पुन्हा बिडी?"

ज्ञानबानं घास खाली ठेवला.

"आधीच सांगून ठेवते. बिडी आली तं लेकरू न्हाई. मंग माह्यावर रागवू नका."

पोरगी आता रांगत होती. ज्ञानबा घरात आला की त्याच्या धोतराला धरून उभी राहायची. त्या दिवसापासून त्यानं पेन तोंडातून काढलं नाही. शेळ्यांची धार काढतानाही ते तोंडात, देवळात घंटा वाजवतानाही तोंडात. पुजाऱ्यानं हटकलं तेव्हा त्यानं ते कानावर ठेवलं.

आंदोलन लगेच सुरू होईना, कारण पितृपक्ष होता. या दिवसांत नवं काही सुरू करायचं नाही, हे बजरंगलाही मान्य होतं. कायदा मोडायची त्याची तयारी होती, पंचांग मोडायची नव्हती. तेवढ्यात विधानसभेची आचारसंहिता लागली. जमादार म्हणाले, रस्ता अडवाल तर आत घालीन. कडेला गप बसायचं असेल तर बसा. म्हणून रास्ता रोकोचं उपोषण झालं. पितृपक्ष संपताच घटस्थापनेच्या मुहूर्तावर, कळमनुरीला, तहसील कचेरीसमोर.

यातली अडचण मंडप पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. घटस्थापनेपासून सगळ्यांचेच नवरात्राचे उपवास होते. दुपारी घराघरातून डबे आले. कौशल्याबाईनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी पाठवली होती. फलकाखाली पंगत बसली. जमादार फेरी मारायला आले आणि उभेच राहिले.

"हे काय चाललंय?"

"उपोषन हाय साहेब," बजरंग म्हणाला.

"आणि ही भगर?"

"हे उपवासाचं हाय."

"उपोषणात खातात का?"

"उपवासात खातेत न. आमी काय भात खाऊन राहिलो का? बटाटा बी सेंधव मिठातला हाय."

जमादारांचाही उपवास होता. त्यांनी थोडा विचार केला आणि थोडी भगर घेतली. एका वार्ताहरानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली लिहिलं होतं, आमरण उपोषणाचा पहिला दिवस. फोटोत बजरंग आमटी वाढून घेत होता.

मंडपात मग एक शंका निघाली, की उपवासाला वाफ चालते का. कुणी म्हणालं बिडी चालत नाही तर वाफ कशी चालेल. कुणी म्हणालं वाफ म्हणजे पाणीच. राधाकृष्णराव उपोषणाची मजा पाहायला आले होते, त्यांनाच निवाडा मागितला. त्यांनी डोळे मिटले.

"आंबा फळ आहे. फलाहारात येतो. पुदिन्याचं मात्र मला घरी विचारावं लागेल."

निवाडा देऊन झाल्यावर त्यांनी बजरंगला बाजूला घेतलं. आरोग्य खात्यातले मुंबईचे एक मोठे साहेब अष्टमीला कुरुंद्याला देवीच्या दर्शनाला येणार होते. राधाकृष्णरावांचे पुतणेच पूजा सांगणार होते.

"मंत्रालयात त्यांना गाठायला वर्ष लागतं. देवीपुढं गाठायला एक नारळ लागतो. तुझा मंडप राहू दे. बापाला घेऊन ये."

"कायदा दिल्लीचा हाय काका. मुंबईचा साहेब काय करंल?"

"मुंबईचा साहेब दिल्लीला लिहितो. तू दिल्लीला लिहिलंस तर ते मुंबईला पाठवतात."

बजरंगला हे पटलं नाही, पण अष्टमीला घरचे कुळाचार म्हणून मंडप तसाही रिकामा होणार होता. त्यानं एक अट घातली: साहेबांनी ऐकलं नाही तर तिथंच घोषणा देईन. राधाकृष्णराव म्हणाले, मनातल्या मनात दे.

अष्टमीला सगळे कुरुंद्याला गेले. मोहिनीही दीपमालाला दर्शन घडवायला आली. ज्ञानबाला धुतलेलं धोतर नेसवून, पटका बांधून, देवळाशेजारच्या खोलीत सतरंजीवर बसवलं. साहेब आले. कपाळाला मळवट, हातात प्रसाद, मनात परतीची गाडी. राधाकृष्णरावांनी त्यांना शाल घातली आणि जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज नोंदवल्याचं सार्थक करावं असं बोलले. शेवटी त्यांनी ज्ञानबाकडं हात केला.

"बिडी ओढत होता का बाबा?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"समजतं तवापासून."

"आणि आता?"

"न्हाई ओढत."

"या पेनानं सुटली?"

ज्ञानबा पेनाकडं पाहत राहिला. त्याच्या वतीनं बजरंग आणि राधाकृष्णराव दोघंही "हो" म्हणाले. त्या एका शब्दापुरते दोन्ही तट एक झाले होते.

साहेब भला माणूस होता. त्यांना खरंच कुतूहल वाटलं. "कागदावर फार वाचलंय, पाहिलं कधी नाही. जरा ओढून दाखवा. वाफ कशी निघते पाहू."

"दाखव न बाबा," बजरंग म्हणाला.

ज्ञानबानं पेन ओठांपाशी नेलं. दारात मोहिनी उभी होती, कडेवर दीपमाला. पोरगी आज्याकडं झेपावत होती. ज्ञानबानं मोहिनीकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं, पेन खाली घेतलं आणि उठला.

"माह्या शेळ्या सुटल्या असतीन," तो म्हणाला आणि चालू लागला.

"शेळ्या इथं आणल्यात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. बाळापूरला आहेत," राधाकृष्णराव म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही, एवढे ते हादरले होते.

बजरंगनं घोषणा द्यायला तोंड उघडलं. राधाकृष्णरावांनी त्याच्या पायावर पाय दिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, रीतसर निवेदन पाठवा म्हणाले, आणि गेले. बाहेर येऊन पाहतात तर ज्ञानबा एका पांढऱ्या गाडीत बसून धूळ उडवत चाललेला.

"फोडला," राधाकृष्णराव म्हणाले.

"कोनी?"

कचेरीतल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. "बिडीवाल्यांनी. आणखी कोण?"

कुजबुज इथं जन्मली, देवळाच्या पायरीवर, अष्टमीच्या दिवशी. बाळापूरला ती ज्ञानबाच्या मागोमाग पोचली. आठवड्याभरानं त्याच्या दारात काळा बोकड दिसला आणि मग तिला पुराव्याची कमी राहिली नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी मोहिनी परत आली तेव्हा ज्ञानबा गोठ्याच्या कडेला बसला होता. हात धुतलेले, पटका मांडीवर काढून ठेवलेला. मागायच्या आधीच त्यानं दोन्ही पुढं केलं. पेनही पुढं केलं. मोहिनीनं हात हुंगले. पटका हुंगला. पेन उचलून तेही हुंगलं.

"वाफ काहून दाखवली न्हाई, मामा?"

"निघत न्हाई."

"कदीपासून?"

ज्ञानबा शेळ्यांकडं पाहत राहिला.

"मी सांगते," मोहिनी म्हणाली. "आषाढापासून. तवापासून तुमच्या हाताला आंबा येऊन न्हाई राहिला. बिडी बी येऊन न्हाई राहिली. नुसत्या शेळ्या येऊन राहिल्या. मले वाटलं, पुसलं तं मोडंल, म्हून पुसलं न्हाई."

"मंग त्या दिवशी जेवताना काहून बोलली?"

"धाक असावा जरा."

ज्ञानबानं पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "तुला पेनाचा भरोसा व्हता बाई. माहा कोनाला हाय?"

मोहिनीनं दीपमालाला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि भाकरी टाकायला आत गेली. बजरंगला तिनं सांगितलं नाही, कारण बाप पेनाशिवाय सुधारला हे कळलं असतं तर तो ठाण्यात साठा जमा करताना रडला असता. तो तसाही रडला.

आता दुकानात मोबाइलची कव्हरं आहेत आणि ते बाकडं आहे. राधाकृष्णराव पुन्हा गोठ्यामागं जाऊ लागले. बंदी आहे तशी आहे. दिल्लीला बाळापुरातल्या दोन्ही तटांचा पत्ताच लागलेला नाही. पण संध्याकाळी बाकड्यावर अजून वाद होतो. बजरंग म्हणतो, त्या दिवशी टायर जाळला असता तर. राधाकृष्णराव म्हणतात, त्या दिवशी शेळ्यांचं नाव निघालं नसतं तर. मग दोघं मिळून बिडी कंपनीला शिव्या देतात. एवढ्यापुरतं त्यांचं अजूनही जमतं. दीपमाला शाळेत जाते. ते पेन तिच्याकडं असतं, अंगणातल्या धुळीत ती त्यानं अक्षरं काढते. ज्ञानबा शेजारी बसून ती वाचल्यासारखं करतो.

खरं काय ते मला कौशल्याबाईनं सांगितलं. कुणाजवळ बोलू नका म्हणाली, म्हणून बोलत नाही, लिहितो.

बिडी कंपनीचा माणूस बाळापुरात कधी आला नाही. पांढरी गाडी हळदीच्या एका व्यापाऱ्याची होती, ती बाळापूरकडंच निघाली होती. काळा बोकड कौशल्याबाईच्या भावाचा होता, शेळ्यांसाठी आणला होता, काम झाल्यावर परत गेला. पेनाच्या वायरीला आंब्याचा वास लागला होता, ती आषाढात एका शेळीनं खाल्ली. पेन बंद पडलं. ज्ञानबानं दुसरी वायर मागितली नाही, आणि बिडीही पेटवली नाही.